सॉर्टर घेण्याआधी

प्रिय बाळा,

डाळ मिलसाठी कलर सॉर्टर घ्यायचा म्हणतोस. पीएमएफएमई या, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळतं, हे खरं. पण उरलेलं कर्ज तुझ्याच डोक्यावर राहील. तुरीचा हंगाम सरला तरी हप्ता दर महिन्याला येणारच.

तुझ्या मिलमध्ये पैसा गळतो कुठे, हे आधी पाहिलंस का? सॉर्टर कॅमेऱ्यानं डागी दाणा हेरतो आणि हवेच्या झोतानं बाजूला उडवतो. त्यानं डाळीचा उतारा, म्हणजे क्विंटलभर तुरीतून निघणारी डाळ, वाढत नाही, उलट थोडा माल कमीच होतो. म्हणजे साफ डाळीला कोणी जास्त भाव दिला, तरच तो पैसा परत येईल. तू तर सगळी डाळ सुटी, एकाच व्यापाऱ्याला देतोस! उतारा हवा असेल तर तुरीची प्रतवारी कर, तेल-पाणी नीट मुरू दे, वाळवण सांभाळ. ओलावा मोजायचं यंत्र सॉर्टरच्या मानानं फारच स्वस्त पडतं.

नुसतं यंत्र आणून भागत नाही, हे जुनंच आहे. अमेरिकेत एडिसननं न्यूयॉर्कमध्ये 1882 मध्ये वीज पुरवायला सुरुवात केली, तरी कारखान्यांची उत्पादकता खऱ्या अर्थानं वाढली ती 1920 च्या दशकात. आधी लोकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसवली. शाफ्ट, पट्टे, यंत्रांची मांडणी, सगळं जुनंच. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर दिली, कामाच्या ओघाप्रमाणे कारखाना नव्यानं मांडला, तेव्हा फरक पडला. संगणकांचा फायदाही उशिरा का दिसतो, हे पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञानं 1990 मध्ये याच उदाहरणावरून समजावलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे अनुदानातून आलेली यंत्रं ताडपत्रीखाली पडलेली दिसली की जीव तुटतो. यंत्र चांगलंच असतं. भोवतालचं काम बदलायला मात्र कोणी पैसा राखून ठेवत नाही.

सॉर्टरला कॉम्प्रेसरची कोरडी हवा आणि स्थिर व्होल्टेज लागतं. गावच्या फीडरवर तो खर्च वेगळा धर.

सध्या थोडी डाळ बायांकडून हातानं निवडून घे. अन्न परवान्याची नोंदणी करून एक-एक किलोच्या पाकिटांत भर आणि अमरावतीच्या किराणा दुकानांत ठेव. भाव, खप, उधारी रोज वहीत लिही. मजुरी वजा जाऊन चार पैसे उरले, तर कोटेशन आणि वही घेऊन ये. बँकेत मी सोबत येतो.

तुझा,
काका