गोळीनं माझं डोकं फिरलंय का?

"मॅडम, तोंड सुजलंय. गोळी बंद केली तर चालंल न्हवं?" स्टेरॉइड घेणाऱ्यांकडून हा प्रश्न सतत येतो. दोन-तीन जणींच्या हकिकती एकत्र करून, ओळख पुसून लिहिते.

कागलकडच्या या ताई ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, घेत होत्या. बोलणं सारखं चेहऱ्यावरच यायचं. शेवटी मी विचारलं, "तोंडाचं राहू दे. घरात कसं चाललंय?"

बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंच्या अंगावर भांडं फेकलं. रात्री दोनला उठून फरशी पुसत बसते. येडी झालीया मी."

"गोळी कधी घेता?"

"रात्री, जेवल्यावर. दिवसा रानात असतो, ध्यान राहत नाही."

खरी गाठ इथं होती. माझा अनुभव असा की माणूस घाबरतो ते बहुतेक वेळा लक्षणाला नव्हे, त्याच्या चुकीच्या अर्थाला. मी त्यांना कागदावर माणूस काढून दाखवला. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज या गोळीच्याच जातीचं संप्रेरक (हार्मोन), कॉर्टिसॉल, बनवतात. पहाटे ते चढतं, मध्यरात्री सर्वांत कमी असतं. रात्री घेतलेली गोळी मेंदूला सांगते, उजाडलं, ऊठ. चिडचिड, झोपमोड हे औषधाचं काम, स्वभावाचं नव्हे.

"म्हणजे मी वाईट न्हाई?" ताई रडल्या, पण त्या दिवसापासून आरशाचं बोलणं कमी झालं.

डॉक्टरांच्या संमतीनं गोळी सकाळच्या नाष्ट्यानंतर आली आणि काही आठवड्यांत झोप सुधारली. मात्र कुणी नसताना बोलणं ऐकू येणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता बाकीचं शरीर. कॉर्टिसॉलला आणि या गोळीला ओळखणारा ग्राही (रिसेप्टर, म्हणजे हुकूम झेलणारा रेणू) जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, पण प्रत्येक ऊती, म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह, हुकूम वेगळा पाळते. यकृत जास्त साखर बनवतं, स्नायूतली प्रथिनं मोडतात, म्हणून उकिडवं बसून उठताना मांड्या साथ देत नाहीत. चरबी चेहरा, मानेमागं आणि पोटावर साठते. त्वचा पातळ होते, जरा लागलं की काळंनिळं पडतं. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगानं होते, त्यामुळं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारावं. सकाळी गोळी घेणाऱ्यांची साखर दुपार-संध्याकाळी चढते. उपाशीपोटीची तपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासावी. शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो. तांबडा रस्सा चालेल, पण वरून मीठ, पापड, लोणचं नको.

आणि गोळी बंद करण्याचं? सुमारे तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतली की ग्रंथी आळसावतात. शरीराची रोजची गरज साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. एकदम थांबवलं तर तेवढंही बनत नाही, आणि उलट्या, चक्कर, रक्तदाब ढासळणं असा जिवावरचा प्रसंग येतो. म्हणून डोस पायरीपायरीनं, डॉक्टरांनीच उतरवायचा. गोळी चालू असताना उलट्या सुरू झाल्या तर पुढच्या डोसची वाट न बघता दवाखाना गाठायचा. ताप आला, दात काढायचा असला, ऑपरेशन ठरलं तर "स्टेरॉइड चालू आहे" हे आधी सांगायचं. गोळी थांबून वर्ष झालं नसेल तरी सांगायचं.