वाचकांचे प्रश्न : चित्र काढता येत नाही, तरी कलारसग्रहण शिकावे का?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात शिकतो. शाखेबाहेरचा एक विषय घेणे आवश्यक असल्याने मी ‘कलारसग्रहणाचा परिचय’ हा दोन श्रेयांकांचा विषय निवडला. शाळेत मी एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेलाही बसलो नव्हतो. वर्गात पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवली जातात, बाई काळ आणि शैली सांगतात आणि आम्ही ते उतरवून घेतो. आता एका कलाकृतीवर स्वतःचे टिपण लिहायचे आहे, पण ‘रंगसंगती सुंदर आहे’ यापलीकडे मला काही सुचत नाही. विषय बदलून घ्यावा का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : विषय बदलू नका. चित्र काढता येणे ही या अभ्यासाची पूर्वअट नाही. चित्र काढणारा हात आणि चित्र पाहणारा डोळा यांचे शिक्षण काही अंशी वेगवेगळे होते आणि तुमच्या अभ्यासक्रमाचा संबंध दुसऱ्याशी आहे. अडचण एवढीच, की दोन श्रेयांक म्हणजे वर्गातले सुमारे 30 तास, आणि तेवढ्यात अजिंठ्यापासून आजपर्यंतचा प्रवास उरकायचा म्हटले की पाहण्यासाठी वेळच उरत नाही. तो वेळ तुम्हाला वर्गाबाहेर काढावा लागेल.

टिपण सुचत नाही, कारण तुम्ही अभिप्रायापासून सुरुवात करता. अभिप्राय शेवटी येऊ द्या. आधी समोर काय आहे ते लिहा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व बहुधा तुमच्याही अभ्यासक्रमात असेल, म्हणून तोच घेऊ. तो उजव्या हातात निळे कमळ धरून उभा आहे. मस्तकावर उंच, नक्षीदार मुकुट आहे आणि गळ्यात मोत्यांची माळ आहे. शरीर सरळ उभे नाही : मान एका बाजूस कलली आहे, धड दुसरीकडे झुकले आहे आणि कमरेत पुन्हा वळण आहे. ही त्रिभंग अवस्था. डोळे अर्धवट मिटलेले आणि खाली वळलेले आहेत. भोवती माणसे, माकडे, मोर, खडक आणि झाडे अशी बरीच गर्दी आहे, परंतु त्या सर्वांपेक्षा बोधिसत्त्व आकाराने पुष्कळ मोठा आहे आणि त्याची नजर त्यांपैकी कोणाकडेही गेलेली नाही.

एवढे लिहून झाले की प्रश्न आपोआप पडू लागतात. राजपुत्रासारखे एवढे दागिने अंगावर असूनही हा चेहरा विरक्त का वाटतो? खाली वळलेल्या पापण्या, कललेली मान आणि कमळाभोवती सैलपणे वळलेली बोटे यांचा त्यात किती वाटा आहे? भोवतालची माणसे त्याच्याच आकाराची असती, तर ही शांतता टिकली असती का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना तुम्ही रेषा, प्रमाण, रचना, भाव यांविषयीच लिहीत असता. वहीत पाठांतरासाठी उतरवलेल्या संज्ञांना तेव्हा काम मिळते. कामसूत्रावरील यशोधराच्या भाष्यात आलेली चित्राची सहा अंगे, म्हणजे रूपभेद (रूपारूपांतील फरक), प्रमाण, भाव, लावण्ययोजना (सौंदर्याची मांडणी), सादृश्य (साम्य) आणि वर्णिकाभंग (रंगांचा वापर), तुम्हाला परीक्षेसाठी पाठ करावी लागतील. ती एका चित्रावर लावून पाहिली नाहीत तर ती यादीच राहील.

यानंतर इतिहासाकडे वळावे. हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातले मानले जाते. खडकावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यानंतर रंग, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे ओल्या गिलाव्यावर रंगवलेल्या युरोपीय भित्तिचित्रांच्या रांगेत ती बसवू नये. ही माहिती महत्त्वाची आहेच, परंतु चित्र पाहण्याआधी ती डोक्यात भरली तर डोळे आळसावतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडद्यावरील चित्रांविषयी एक इशारा देतो. प्रोजेक्टर सगळे एकाच मापाचे करतो. तळहातावर मावणारे लघुचित्र आणि माणसाच्या सुमारे तिप्पट उंचीचे घारापुरीचे त्रिमुखी शिवशिल्प ही दोन्ही वर्गाच्या भिंतीवर सारखीच दिसतात, आणि शिल्पापुढे उभे राहिल्यावर मान वर करावी लागते, हा त्याच्या अनुभवातला मोठा भाग गळून पडतो. म्हणून टिपणासाठी प्रत्यक्ष पाहता येईल अशीच कलाकृती निवडा. तुमच्या जिल्ह्यातच औंध येथे श्री भवानी संग्रहालय आहे. भवानराव पंतप्रतिनिधी हे संस्थानिक स्वतः चित्रकार होते आणि त्यांच्या संग्रहातून ते 1938 साली उभे राहिले. राजा रविवर्मा यांची ‘सैरंध्री’ तिथे आहे. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडात कोरलेले माता आणि मूल यांचे शिल्पही तिथेच आहे. साताऱ्यातील विद्यार्थ्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखी ही जागा आहे, आणि तिथे कोणीही आपल्याला घाई करत नाही. संपूर्ण संग्रहालय पाहण्याचा हट्ट धरू नका. एकाच कलाकृतीपुढे अर्धा तास उभे राहा, तिथेच वहीत लिहा, आणि शक्य असल्यास तिचे वेडेवाकडे का होईना, रेखाटन करा. ते कोणाला दाखवायचे नाही. हात फिरला की नजर कुठे घसरत होती ते कळते.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या घटकात वासुदेव गायतोंडे यांची चित्रे आहेत. त्यांत ओळखीचे काहीच दिसत नाही. सर विचारतात, ‘काय वाटले?’ काहीच वाटले नाही तर काय लिहावे?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : गायतोंडे तुमच्याच शहरात 1924 साली जन्मले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले. त्यांच्या चित्रात डोंगर किंवा चेहरा शोधू नका; आपले चित्र कोणत्याही वस्तूचे नाही, अशीच त्यांची भूमिका होती. रोलरने आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावण्याच्या पातळ सुरीने, ते रंगाचे थर चढवत, काही ठिकाणी ते खरवडून काढत. म्हणून खालचा रंग वरच्या रंगातून कुठे डोकावतो, उजेड कोणत्या भागात साठला आहे, कडा कुठे तीव्र आहेत आणि कुठे विरघळल्या आहेत, हे पाहून लिहा. छापील पुस्तकात हे थर जवळजवळ नाहीसे होतात, त्यामुळे काही न वाटण्यात तुमचा दोष नाही. तसे प्रामाणिकपणे लिहा आणि का वाटले नाही याचे कारण चित्रातून द्या. उसन्या भावनांपेक्षा ते उत्तर अधिक मोलाचे आहे आणि बहुतेक शिक्षकांना हा फरक कळतो.

प्रश्न : टिपणासाठी मोबाईलवर छायाचित्रे काढून घरी येऊन लिहिले तर चालेल का?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : चालेल, मात्र छायाचित्र सर्वांत शेवटी, तपशील पडताळण्यासाठी काढा. आधी काढले की पाहणे झाले असे वाटून पाय पुढे निघतात. परवानगी आहे की नाही हे दारातच विचारून घ्या. अजिंठ्यात फ्लॅश वापरण्यास मनाई आहे.