अद्भुताचा आडोसा

प्रश्न : आमच्या वाचकगटात गेल्या महिन्यात ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ वाचले. एका ज्येष्ठ सदस्यांचे मत असे पडले की, सत्तेवर किंवा समाजावर टीका करायची असेल तर ती सरळ करावी. वीतभर उंचीची माणसे आणि उडती बेटे हा केवळ शिक्षेच्या भीतीने घेतलेला आडोसा आहे. मला ते पटले नाही, पण उत्तरही सुचले नाही. आपले मत काय?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे निराधार नाही. जोनाथन स्विफ्ट यांनी हे पुस्तक १७२६ मध्ये स्वतःचे नाव न घालता प्रसिद्ध केले, प्रकाशकाने धास्तीने काही मजकूर सौम्य केला, आणि उडत्या बेटाविरुद्ध लिंडालिनो शहराने केलेल्या बंडाचा भाग तर १८९९ पर्यंत छापलाच गेला नाही. लिंडालिनो म्हणजे इंग्रजी सत्तेखालील आयर्लंडमधले डब्लिन, हे उघड होते.

पण मग आडोशाने लपवले काय? जॉर्ज ऑर्वेल यांची ‘ॲनिमल फार्म’ ही शेतावरच्या प्राण्यांच्या बंडाची कादंबरी १९४४ मध्ये लिहून झाली, तेव्हा सोव्हिएत संघ ब्रिटनचा युद्धातील मित्र होता. डुकरांचे राज्य म्हणजे कोणाचे राज्य, हे कळल्यामुळेच काही प्रकाशकांनी ती नाकारली, आणि अखेर ती ऑगस्ट १९४५ मध्ये बाहेर आली. रूपकाने लेखकाला संरक्षण दिले असते, तर हा प्रसंग आला नसता.

माझ्या मते अद्भुताचे खरे काम वाचकाच्या मनात घडते. आपल्याकडील राजकारणावरचा सरळ लेख हाती आला की, लेखक कोणत्या बाजूचा आहे हे आपण पहिल्या परिच्छेदातच ताडतो आणि उरलेला लेख आपल्या पक्षाची वकिली करीत वाचतो. स्विफ्ट यांच्या लिलिपुटमध्ये, म्हणजे वीतभर माणसांच्या देशात, आपला पक्षच नसतो. तिथे उच्च पदांचे उमेदवार दोरीवर नाचून दाखवतात आणि न पडता सर्वांत उंच उडी घेणाऱ्याला पद मिळते. ही रीत वाईट आहे, असा निवाडा आपण मनोमन देऊन मोकळे होतो. त्यानंतर ओळखीची एखादी नेमणूक आठवते, तेव्हा तो निवाडा मागे घेण्याची सोय उरलेली नसते.

उडत्या बेटाचा प्रसंग मला याहूनही मोठा वाटतो, आणि द्राक्षबागांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला तो अधिक बोचावा. बंडखोर गावावर राजा आपले बेट आणून उभे करतो आणि त्या गावाचे ऊन व पाऊस अडवतो. तेवढ्याने भागले नाही तर वरून दगड टाकले जातात, आणि शेवटचा उपाय म्हणजे बेटच खाली सोडून गाव चिरडणे. हा शेवटचा उपाय सहसा योजला जात नाही, कारण मंत्र्यांच्या जमिनी खालीच आहेत आणि बेटाचा तळ तडकण्याचीही भीती आहे. सत्तेचा संयम दयेतून येतो की हितसंबंधांतून, हे सांगायला एखाद्या वैचारिक ग्रंथाने प्रकरण खर्ची घातले असते.

अशा लेखनाला एक धोका मात्र असतो. प्रत्येक पात्रामागे एकेक खरी व्यक्ती बसवली की त्या व्यक्तींबरोबर कथाही विस्मरणात जाते. दोरीवर नाचणारा लिलिपुटचा खजिनदार फ्लिमनॅप म्हणजे तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल, असे अभ्यासक मानतात; तरीही वॉलपोल यांचे नाव न ऐकलेल्यालाही ती दोरी समजते, कारण स्विफ्ट यांनी पद मिळवण्याच्या रीतीवरच बोट ठेवले आहे.

नाशिककरांना तर यासाठी दूर जायलाच नको. कुसुमाग्रजांच्या ‘अखेर कमाई’ या कवितेत मध्यरात्र उलटल्यावर शहरातील पाच पुतळे एका चौथऱ्यावर बसून आसवे गाळतात. फुले, शिवाजी महाराज, आंबेडकर आणि टिळक यांचे दुःख एकच, की आपण शेवटी एकेका समाजापुरते उरलो; आणि गांधी त्यांनाच भाग्यवान म्हणतात, कारण गांधींच्या पाठीशी केवळ सरकारी कचेऱ्यांच्या भिंती आहेत. हाच विचार जातीयतेविरुद्धचे भाषण म्हणून आला असता, तर आपण माना डोलावून घरी गेलो असतो. इथे तक्रार करणारे पुतळे आपणच उभारलेले आहेत, आणि तक्रारही आपल्याविषयीच आहे.

या कवितेत पाचही नावे उघड आहेत. पुढच्या बैठकीत ती आपल्या ज्येष्ठ सदस्यांना मोठ्याने वाचायला सांगावी, आणि कुसुमाग्रजांनी इथे कोणाच्या भीतीने आडोसा घेतला असेल, एवढेच त्यांना विचारावे.