आईला लाल इंजेक्शन सुरू होणार आहे, मी काय काळजी घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६१, डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, सोमवारपासून ‘एसी’ केमोच्या चार सायकल, म्हणजे ठरावीक अंतराने चार वेळा केमो. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यातलं लाल औषध हात जाळतं आणि हृदय खराब करतं. हे खरं का?

मी केमो डे-केअरमध्ये सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. काकूंचं निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं, ते सांगते.

एसीमधला ‘ए’ म्हणजे ॲड्रियामायसिन. औषधाचं खरं नाव डॉक्सोरुबिसिन, आणि ‘सी’ म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड. (एक आजोबा पहिल्या सायकलला बायकोसाठी दोन शाली घेऊन आले होते, ‘एसी आहे म्हणे’ म्हणून.) लाल रंग कुणी घातलेला नसतो, तो त्या औषधाचा अंगचाच. इटलीच्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे मिळालं, म्हणून तिथल्या एड्रियाटिक समुद्राचं नाव त्याला दिलं. अमेरिकेत १९७४ साली मान्यता मिळाली, आणि आजही स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते पहिल्या फळीत आहे.

आता हाताचं. हे औषध शिरेत असेपर्यंत हात जाळत नाही. शिरेतून बाहेर, कातडीखाली झिरपलं तर मात्र तिथलं मांस मारतं. म्हणून आम्ही ते बाटलीत घालून लावून देत नाही. चांगली शीर बघून, शक्यतो कोपर आणि मनगटाच्या मधे, नवी सुई लावतो. सलाईन चालू ठेवून सिरिंजने हळूहळू देतो आणि दर दोन-तीन मिलीला मागे ओढून रक्त येतंय का ते बघतो. सिस्टर तुमच्या आईजवळून हलत नसेल तर समजा काम नीट चाललंय. शिरा फारच बारीक असतील तर केमो पोर्टबद्दल (छातीपाशी कातडीखाली बसवतात ती डबी, तिची नळी मोठ्या शिरेत जाते) डॉक्टरांना आधीच विचारा. आणि डावा हात कुणालाही देऊ नका. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला आम्ही सुई टोचत नाही. हे फाइलमध्ये असतंच, तरी तोंडानेही सांगा.

मी नवी असताना, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, एका मावशींना हेच औषध देत होते. मधे दोनदा विचारलं, ‘मावशी, दुखतंय का?’ दोन्ही वेळा ‘नाही गं बाई, चालू दे.’ शेवटची सिरिंज संपत आली तेव्हा सुईच्या वर फुगलेलं दिसलं. लगेच थांबवलं, त्याच सुईतून ओढता येईल तेवढं ओढलं, बर्फ लावला, डॉक्टरांना बोलावलं. मावशी म्हणाल्या, ‘मघापासून चुरचुरतंय, पण तुला एवढं काम, म्हटलं कशाला त्रास द्यायचा.’ आठवड्याभराने तिथली कातडी काळी पडली. प्लास्टिक सर्जनकडे जावं लागलं, पुढची सायकल लांबली. तेव्हापासून मी ‘दुखतंय का’ विचारतच नाही. आपल्या बाया त्याला ‘नाही’च म्हणतात. मी विचारते, ‘सुईपाशी गरम लागतंय की गार?’ गार ठीक, सलाईन थोडं गारच असतं. गरम म्हटलं की माझा हात थांबतो.

तेव्हा तुमचं पहिलं काम हेच. रविवारी रात्रीच आईला बजावा की चुरचुर, आग, ठणका, काहीही झालं तरी त्याच क्षणी बोलायचं. तुम्हाला शेजारी बसू दिलं तर तिच्या तोंडाकडे बघा, मोबाइलकडे नको. घरी गेल्यावर, दोन-चार दिवसांनीही सुईच्या जागी लाली, सूज किंवा फोड दिसला तर फोटो पाठवून भागवू नका, तिला घेऊन या. औषध झिरपल्यावर द्यायचं एक इंजेक्शन आहे, डेक्सराझोक्सेन. ते पहिल्या सहा तासांत सुरू करावं लागतं. आपल्या सेंटरला ते मिळतं का, हे आधीच विचारलेलं बरं. आणि घरच्या घरी गरम पाण्याचा शेक अजिबात नको, या औषधाला बर्फच.

हृदयाचा धोका खराच, पण तो आयुष्यभरात एकूण किती औषध गेलं त्यावर वाढत जातो. म्हणून सुरुवातीला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. साधारण डोस शरीराच्या दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे चार सायकलचे २४०. बहुतेक डॉक्टर ४५० ते ५५० ही आयुष्याची मर्यादा धरतात. आईला हृदयाचा आजार असेल, किंवा पूर्वी छातीला रेडिएशन अथवा अशाच गटातलं औषध मिळालं असेल, तर हिशोब बदलतो. ते लपवू नका. डिस्चार्ज कार्डं जपून ठेवा. पुढे कुठल्याही गावी गेलात तरी ‘आधी किती गेलंय’ हा प्रश्न येणारच.

औषध बाहेरच्या मेडिकलमधून आणायचं असेल तर चिठ्ठीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. डाऊनोरुबिसिन आणि एपिरुबिसिनही लालच असतात. ‘लायपोसोमल’ डॉक्सोरुबिसिन तर वेगळंच औषध, त्याचा डोस वेगळा, द्यायची रीतही वेगळी. दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणाला तरी घेऊ नका. द्रव स्वरूपातली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते, फ्रीजरमध्ये नाही. डबीत बर्फाच्या पिशवीबरोबर आणा, पण बर्फाला चिकटवून नको.

घरी आल्यावर दिवसभर लघवी लाल-केशरी होईल. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. दोन दिवस फ्लश दोनदा करा; उलटी किंवा कपडे साफ करताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिला देऊ नका. केस जातील, दुसऱ्या सायकलपर्यंत बहुतेकांचे जातात. तोंड येतं, म्हणून इंजेक्शन चालू असताना बर्फाचा खडा चघळायला देतात.

खरी धास्ती दहाव्या ते चौदाव्या दिवसांची, तेव्हा जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. थर्मामीटर आजच घ्या. ताप १००.४ किंवा वर गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठा आणि दारातच ‘केमो चालू आहे’ सांगा. गुळवेल, काढे, कुणी आणून दिलेल्या पुड्या, सगळं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बंद. हे औषध यकृतातून बाहेर पडतं, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली आहे.

सोमवारी आईला सैल बाहीचा ब्लाउज घाला, आदल्या दिवसापासून पाणी भरपूर, सकाळी हलका नाश्ता. उजव्या हातातल्या बांगड्या घरीच काढून ठेवा, नाहीतर तिथे त्या काढण्यातच अर्धा तास जातो.