जिप्सीला मोठे टायर टाकायचेत, क्राऊन-पिनियन न बदलता चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मारुतीची जिप्सी किंग आहे, कंपनीचे 205/70 R15 काढून 235/75 R15 मड टेरेन (चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर) टाकायचेत. मेकॅनिक म्हणतो क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले, इंजिनचा जोर चाकांकडे वळवणारे गिअर) बदलल्याशिवाय गाडी ओढणार नाही, मित्र म्हणतो काही होत नाही, बिनधास्त टाक. ऐकायचं कुणाचं?

235 टाकणार असाल तर मेकॅनिकचं. 215/75 R15 वर थांबणार असाल तर मित्राचं. मी आधी 235 टाकले, दोन पावसाळे काढले आणि मग गुपचूप 215 वर आलो. त्यामुळे हे सगळं खिशातून पैसे घालवून शिकलेलं आहे.

आधी एक छोटा हिशोब करू. 205/70 म्हणजे टायरची रुंदी 205 मिलिमीटर आणि कडेची उंची त्याच्या 70 टक्के, म्हणजे 143.5. वर-खाली मिळून 287. त्यात 15 इंची रिमचे 381 मिळवले की टायरची पूर्ण उंची 668 मिमी. हेच गणित 215/75 ला केलं की 703.5 येतात आणि 235/75 ला 733.5. म्हणजे 215 हा कंपनीच्या टायरपेक्षा साधारण 5.3 टक्के उंच, 235 जवळपास 10 टक्के. चाक जितकं उंच तितका जमिनीवर पडणारा जोर कमी. 235 वर तो सुमारे नऊ टक्के घटतो. बोलेरोत किंवा डिझेल थारमध्ये टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, भरपूर असतो, तिथे हे खपून जातं. आपल्या 1.3 लिटर पेट्रोलकडे जेमतेम 103 न्यूटन-मीटर आहे, आणि तोही साडेचार हजार आरपीएमच्या आसपास. खालच्या आरपीएमला आधीच बोंब, त्यातून नऊ टक्के काढून घ्यायचे.

आता लोक हमखास चुकतात ती गोष्ट. सगळ्यांना वाटतं मोठे टायर डोंगरातल्या कच्च्या वाटांवर रडवतील. तसं होत नाही. ट्रान्स्फर केसमध्ये (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा दुसरा गिअरबॉक्स, त्यात हाय आणि लो असे दोन टप्पे असतात) हायचा रेशो 1.409 आणि लोचा 2.268 आहे, म्हणजे फोर-लो टाकलं की हायच्या तुलनेत जोर दीडपटीहून जास्त होतो. गेलेले नऊ टक्के त्यात कुठल्या कुठे जातात. चिखलात, नदीपात्रात, दगडांवर माझी गाडी 235 वर मस्तच चालायची. रडवलं ते डांबरी रस्त्याने.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट घ्या. पुढे एसटी, मागे वाळूचा डंपर, गाडीत चौघं आणि टपावर तंबू. तिसरा टाकला की इंजिन गुदमरतं, दुसऱ्यात टाकलं की किंचाळतं, आणि एसटीचा वेग नेमका या दोघांच्या मधला. मग माणूस नकळत क्लचवर पाय ठेवून चालवतो. दोन-तीन वळणं गेली की जळका वास केबिनमध्ये भरतो. मागच्या सीटवरच्या मावशींनी विचारलं, "काही शेकतंय का रे?" शेकत होती माझी क्लच प्लेट. त्या वर्षी ती बदलली, प्रेशर प्लेटसकट. पाचवा गिअर तर शोभेलाच राहिला होता. सपाट हायवेवर वारा समोरून असला की चौथ्यातच यावं लागायचं.

यात दोष फक्त उंचीचा नाही, वजनाचाही आहे. जुना आणि नवा टायर मी भंगारवाल्याच्या काट्यावर घातले होते, एकामागे सहा-सात किलोचा फरक. हे वजन टपावर ठेवलेल्या सामानासारखं नसतं. ते चाकाच्या अगदी कडेला फिरतं, दर वेळी वेग घेताना ते फिरवायला आणि ब्रेक मारताना थांबवायला जोर जातो. ब्रेक मात्र तेच, पुढे डिस्क मागे ड्रम, आणि चाक उंच झाल्यामुळे त्यांची पकडही तेवढ्याच प्रमाणात कमी. उतारावर हे जाणवतं, विशेषतः पावसात. शिवाय 235 ला रिम कमीत कमी सहा इंच रुंद लागते. कंपनीची साडेपाचची त्याला अरुंद पडते. मग रुंद रिम आली, ती बाहेर आली, किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगवर ताण आला आणि साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं.

क्राऊन-पिनियन बदलायचा मेकॅनिकचा सल्ला तत्त्वतः योग्य आहे, पण त्याला विचारा की किती हाउसिंग (ॲक्सलच्या मधला, हे गिअर असतात तो डबा) उघडणार. उत्तर "दोन" हेच हवं. मागचंच बदललं आणि पुढचं तसंच ठेवलं तर फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतील आणि काहीतरी तुटेलच. दोन्हीकडे शिम (पातळ चकत्या) लावून दातांची फट बसवणं हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे. चुकलं तर हूं-हूं असा आवाज जन्मभर. जिप्सीत एक सोय आहे. तिचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, मधे एक छोटा शाफ्ट आहे आणि तो वेगळा लटकतो. त्यातले गिअर बदलले की एका कामात पुढचा-मागचा दोन्ही हिशोब सुटतो. अमेरिकेत हीच जात समुराई नावाने विकली गेली आणि तिकडचे लोक मोठ्या टायरसाठी हाच मार्ग घेतात. आपल्याकडे असे सेट सहज मिळत नाहीत, मिळाले तर किंमत ऐकून टायरचा नाद सुटतो.

म्हणून 215/75 R15. उंची साडेपस्तीस मिमीने वाढते, त्यातली निम्मी, म्हणजे सुमारे 18 मिमी, हाउसिंगखाली मिळते. 235 ला 33 मिळते. त्या 15 मिमीसाठी मी वर लिहिलेलं सगळं भोगलं. 215 कंपनीच्या साडेपाच इंची रिमवर बसतो आणि मुख्य म्हणजे हा बोलेरोचा साईज आहे, त्यामुळे टायर फाटला तर तालुक्याच्या गावीही मिळतो. मड टेरेन घ्यायचा का, असं विचाराल तर महिन्यातून एकदा चिखलात जाणाऱ्याने एटी, म्हणजे ऑल टेरेन घ्यावा. हलका असतो आणि रस्त्यावर भुणभुण करत नाही. पकड हवी तर ट्रेलवर हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, त्याने जो फरक पडतो तो इंचभर उंचीने पडत नाही. परतताना भरायला विसरू नका.

टाकल्यावर पूर्ण लॉक मारून पुढचं एक चाक दगडावर चढवा. त्याआधी मडगार्डच्या आतून आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या कडेला खडू फासा. टायरवर पांढरं उमटलं तर तिथे घासतंय. बहुतेक वेळा स्टेअरिंगचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढला की भागतं, वळायला जागा जरा जास्त लागते इतकंच.

स्पीडोमीटर आता कमी दाखवेल: 215 वर काटा 80 ला असेल तेव्हा खरा वेग 84. 235 वर तो 88 असायचा, एक्स्प्रेस-वेवर कॅमेऱ्यांच्या काळात हे लक्षात ठेवायची गोष्ट आहे. ॲव्हरेजही याच हिशोबाने काढा. "मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज पार पडलं" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी किलोमीटर मीटरवरून जसेच्या तसे घेतलेले असतात. 215 ला मीटरचे 100 म्हणजे खरे 105.

टायरचा साईज बदलला तर विमा चालेल का, हे मात्र आधी विमा कंपनीला ईमेल करून लेखी विचारा, एजंटच्या "काही होत नाही साहेब" वर जाऊ नका.

आणि टायर पाच घ्या, चार नाही. मी पैसे वाचवायला स्टेपनी जुनीच ठेवली होती. पंक्चर झालं ते मागचं, रात्री. लहान चाक मागे लावलं तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत झिजत राहणार, म्हणून पुढचं मोठं चाक काढून मागे लावायचं, लहान पुढे, आणि फोर-व्हीलच्या लिव्हरला हात लावायचा नाही. एकाऐवजी दोनदा जॅक. पावसात. टॉर्च तोंडात धरून.