सोलापूर स्थानकावर भेटलेल्या मुलाला मी स्वतः त्याच्या घरी नेऊन सोडावे का?

आपण लिहिले आहे की, सोलापूर स्थानकावर नेहमी दिसणारा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आपल्याशी बोलू लागला आहे, त्याने घराचा पत्ताही सांगितला आहे आणि येत्या रविवारी त्याला घरी नेऊन सोडण्याचा आपला विचार आहे. कृपया तसे करू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार असे मूल प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि त्याला घरी पाठवायचे की तूर्त बालगृहात ठेवायचे हे समिती घरची चौकशी करून ठरवते. शिवाय मारहाणीला कंटाळून पळालेले मूल पहिल्या दिवशी बहुधा चुकीचाच पत्ता सांगते, कारण खरा सांगितला तर पुन्हा तिथेच नेतील हे त्याला ठाऊक असते.

मी काही वर्षे स्वयंसेवक म्हणून हे काम केले आहे आणि घाईची चूक माझ्याही हातून झाली आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील एक मुलगा मुंबईहून परत आणला होता. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळणारी. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा तिने मांडीवरचे सूप जरासे बाजूला सरकवले, तेलुगूत 'जेवलास का' एवढेच विचारले, आणि तिची बोटे पुन्हा पानावर फिरू लागली, कारण सकाळी कारखान्यात विड्यांचा हिशेब द्यायचा होता. आम्हाला ते भेटीचे सुख वाटले, आम्ही सही घेऊन निघालो. पाचव्या दिवशी मुलगा पुन्हा पळाला. वडिलांचे दारू पिऊन मारणे जसेच्या तसे होते आणि त्याविषयी आम्ही अवाक्षरही काढले नव्हते.

दुसऱ्या खेपेस तो बालगृहात असतानाच आम्ही वडिलांना तीन वेळा भेटलो, एकदा तर पाळी संपण्याची वाट पाहत कारखान्याच्या दाराशी बसलो. शेजारच्या मावशीने लक्ष ठेवायचे कबूल केले. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, तरी त्याला बरोबरीच्या मुलांसमोर अडखळत वाचण्याची लाज वाटे, म्हणून महिनाभर संध्याकाळी घरीच वाचन घेतले. घरी आल्यावर कित्येक रात्री तो चपला उशाखाली घेऊन झोपत असे, कारण फलाटावर चपला चोरीला जातात. आईला ते अपशकुनी वाटे. तिला समजावण्यातच माझ्या दोन भेटी गेल्या.

मुलाच्या घरी एकटी आई असल्यास जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची (मुलाच्या संगोपनासाठी आर्थिक मदत देणारी योजना) चौकशी जरूर करावी.

आपल्या त्या मुलासाठी आजच १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, किंवा फलाटावरील रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगावे. माणूस येईपर्यंत त्याच्याजवळ बसावे, चहा-बटर द्यावे, पण पैसे देऊ नयेत. ते मोठी मुले काढून घेतात. पुढे तो घरी गेला, तर समितीच्या संमतीने रविवारी त्याच्याकडे जाता येईल.