आधी वाळव, मग बघ

सोमवारी दातांच्या दवाखान्यात पहिली ओपीडी ना? मग ऐक, लेका. प्रोब, म्हणजे दात तपासायची टोकदार सळई, हातात आला की डाग दिसेल तिथं खुपसायची खोड सोड. टोक अडकलं म्हणजे कीड, हे जुनं झालं. उलट कमकुवत झालेला वरचा थर तूच फोडतोस. दात पूस, हवा फुंकणाऱ्या एअर सिरिंजनं 5 सेकंद वाळव. ओल्यावर न दिसलेला सुरुवातीच्या किडीचा पांढरा डाग तेव्हा उमटतो.

आपल्याकडं घोळ वेगळाच. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचा पेशंट असला तर पांढरं दिसलं की लगेच कीड लिहू नकोस. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडचे डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे, कडा विरलेल्या. किडीचा डाग हिरडीलगत, खडूसारखा, प्लाक, म्हणजे दातावरचा चिकट थर, पुसल्यावर सापडतो. इंटर्न असताना मी फ्लोराईडचाच डाग ड्रिल करायला बसलो होतो. सरांनी ड्रिलचा हँडपीस हातातून काढून घेतला, बोलले काहीच नाहीत.

किडीचा डाग असला तरी खड्डा नसेल तर ड्रिल नको. फ्लोराईड वार्निशचा लेप लाव, 3 महिन्यांनी बोलाव. दोन दातांमधल्या किडीसाठी बाईटविंग एक्स-रे काढ. आणि चहा किती वेळा, हे विचारच. 'गोड खातच नाही' म्हणणारे दिवसाला आठ कप साखरेचा चहा पितात.